पडद्याला काज

पडदेमास्तरांचा धंदा पडदे शिवण्याचा. पण त्यांना विचारलं असतं, तर ते म्हणाले असते की आपला धंदा प्रश्न विचारण्याचा आहे, शिवणं काय, मशीन शिवतं. प्रश्नही एकच होता. गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी रंगावर घसरायचं. सोफ्याला जुळणारा हवा, फुलं नकोत, असलीच तर बारीक असावीत, आमच्या जावेकडे आहेत तसली तर मुळीच नकोत. मास्तर सगळं ऐकून घ्यायचे, कानावरची पेन्सिल हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "ते झालं. पण कशापासून?"

"कशापासून म्हणजे?"

"पडदा कशापासून हवाय? उन्हापासून, धुळीपासून, का माणसांपासून?"

इथे गिऱ्हाईक कापडाचे नमुने उगाच उलटेसुलटे करायचं. नवराबायको असले तर एकमेकांकडे बघायचे. एकदा एक निवृत्त साहेब आले होते. म्हणाले, "मला सगळे दिसले पाहिजेत, मी कुणाला दिसता कामा नये." मास्तर नम्रपणे म्हणाले, "साहेब, तसला पडदा खुर्चीबरोबर मिळतो. खुर्ची गेली की परत करावा लागतो." साहेबांनी तरीही चार खिडक्यांची ऑर्डर दिली. म्हणजे माणूस वाईट नव्हता.

मास्तरांच्या वहीत तीन रकाने असत. रुंदी, उंची आणि तिसरा 'कशापासून'. त्या तिसऱ्या रकान्यात अडतीस वर्षांत अख्खं गाव येऊन बसलं होतं. 'समोरची गच्ची.' 'सकाळचं ऊन.' 'सासरे.' 'शेजारचे, विशेषतः बाई.' एका ठिकाणी नुसतंच 'सगळ्यांपासून'. वही खणात, खणाला कुलूप, किल्ली कमरेला. एका घरात दिसलेलं मास्तरांनी दुसऱ्या घरात कधी नेलं नाही. त्यांचा दोस्त घड्याळवाला कितीदा तरी खोदून बघायचा. "अरे, त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात आत आहे तरी काय?" मास्तर म्हणायचे, "खिडक्या."

पडदा टांगून झाला की त्यांची परीक्षा असायची. घरातल्या माणसाला ते सांगायचे, आतला दिवा लावा आणि खिडकीसमोर उभे राहून हात हलवा. मग स्वतः खाली रस्त्यावर जायचे आणि मान वर करून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. एक फेरी जाताना, एक येताना. या परीक्षेपायी लोकांनी त्यांना दोनदा चोर समजून धरलंही होतं. पण फेरी पुरी झाल्याशिवाय ते पुन्हा वर यायचे नाहीत. वर येऊन म्हणायचे, "काही दिसत नाही." हीच त्यांची पावती. परीक्षा नेहमी बाहेरून. आतल्या माणसाला बाहेरचं काय दिसतं, हे बघायचं त्यांच्या मनातच कधी आलं नाही. ते त्यांचं खातं नव्हतं.

त्यांची बायको लग्नाआधी एका शर्टांच्या दुकानात काजं करायची. हाताने. तिचं काज बटण काढलं की पापणीसारखं मिटायचं, कापडात कुठे आहे ते शोधावं लागायचं. दुकानाचा मालक गिऱ्हाइकांना मुद्दाम शर्ट उलटा करून दाखवायचा. मग लग्न झालं, ती मास्तरांच्या दुकानात तुरपाईला बसू लागली, आणि पुढची सगळी वर्षं तिची एकच तक्रार राहिली. "पडदेवाल्याशी लग्न केलं आणि माझा हात बुडाला. पडद्याला काज कुठे असतं?"

"तुझ्यासाठी एखाद्या पडद्याला बटणं लावू का?"

"लावा. लोकांना कळू दे, दोघांपैकी वेडं कोण आहे ते."

ती जाऊन दोन वर्षं झाली होती.

चौकातल्या खोलीची गोष्ट निघाली ती अशा वेळी. एका दुपारी दुकानात एक तरुण बाई आली. आखूड केस, बुटांवर सिमेंट, हातात दोन मोठाल्या गोण्या. बाई कलाकार होती. ती जे करायची त्याला मांडणशिल्प म्हणतात, असं तिने सांगितलं. मास्तरांनी शिल्प शोधायला तिच्यामागे रस्त्यावर पाहिलं, पण दगडबिगड काही दिसला नाही.

"काका, मी चौकात पंधरा दिवसांसाठी एक खोली मांडतेय."

"बांधताय म्हणा."

"नाही, मांडतेय. भिंतीच नाहीत. पलंग, टेबल, खुर्ची, आरसा, सगळं खऱ्या घरातल्यासारखं. आणि चारही बाजूंनी फक्त पडदे. लोकांच्या घरांतले, वापरलेले."

"राहणार कोण?"

"कुणीही. एका वेळी एक माणूस. पाच मिनिटं आत बसायचं. पडदे उघडे ठेवायचे का बंद, ते ज्याचं त्याने ठरवायचं."

"पाच मिनिटं एकटं बसायला मिळतंय म्हटल्यावर रांग लागेल," मास्तर म्हणाले. "बायकांची तर चौकाबाहेर जाईल."

बाई हसली. मग म्हणाली, "मला इतकंच विचारायचंय लोकांना, की घर कुठे संपतं आणि रस्ता कुठे सुरू होतो?"

"उंबऱ्याला. त्यात विचारायचंय काय?"

"आणि खिडकीत?"

मास्तरांनी टेप गुंडाळायला घेतला. "खिडकीत माझं काम सुरू होतं."

त्यांनी गोण्या उपसल्या. पंधरा पडदे होते. त्यांतले अकरा त्यांच्याच हातचे. बोटाखाली कापड आलं की कुठली खिडकी, कुठली गल्ली, तिसऱ्या रकान्यात काय, सगळं त्यांना आठवत गेलं. बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"ओळखता का यांना?"

"कापड ओळखतो," मास्तर म्हणाले. पडद्यांची लांबी एकसारखी करायची, कड्या बदलायच्या, दांडीवर बसवून द्यायचे, सगळं ठरलं. मग ढिगाकडे बघत त्यांनीच म्हटलं, "पण हे सगळे दिवाणखान्यातले आहेत. मिरवायचे."

"तेच तर. झोपायच्या खोलीतला कुणी देत नाही. पलंगाशेजारच्या बाजूसाठी मला एक असा हवाय काका, ज्याने खरंच काहीतरी झाकलंय. तुमच्याकडे असेल एखादा?"

"नाही," मास्तर म्हणाले. ते इतकं पटकन म्हणाले, की हो म्हटल्यासारखंच झालं. बाईच्याही ते लक्षात आलं असावं. जाताना ती म्हणाली, "घाई नाही. सोळावी जागा मी रिकामी ठेवते."

असा पडदा मास्तरांच्या घरी होता. राखाडी, जाड, आतून अस्तर लावलेला. तो सव्वातीन वर्षांपूर्वी शिवला तेव्हा बायको नुकती अंथरुणाला खिळली होती. घर पहिल्या मजल्यावर, पलंग खिडकीला लागून, खिडकी रस्त्यावर. दुखणं असं होतं की महिनाभरात तिचे केस गेले, गाल गेले, ओळखीची माणसं दारात येऊन क्षणभर थबकायला लागली. मास्तरांना ते थबकणं सहन होईना. त्यांनी एका दिवसात पडदा शिवला, टांगला, रस्त्यावर जाऊन दोन फेऱ्या मारल्या, आणि वर येऊन बायकोला सांगितलं, "काही दिसत नाही."

ती म्हणाली, "अहो, पण मला रस्ता बघायचाय."

"लोक बघतील."

"बघू देत. मी काय चोरी केलीय?"

मास्तरांनी पडदा सरकवला नाही. तिने आणखी दोनदा विचारलं. एकदा सकाळी, एकदा सणकून ऊन पडलेलं असताना. "थोडा, चार बोटं." मास्तर म्हणाले, "तू बरी हो, मग सगळाच काढून टाकतो." त्यानंतर तिने विचारणं सोडलं. मागणं थांबलं म्हणजे पटलं, असं मास्तरांनी धरलं. पुढे ती चौदा महिने त्या पडद्यामागे राहिली, आणि गेली.

आता पडदा काढायला हात धजत नव्हता. उघडायला तर त्याहून नाही. तो कोणासाठी बंद ठेवलाय, असं कुणी विचारलं असतं, तर अडतीस वर्षं हाच प्रश्न गावाला विचारणाऱ्या माणसाजवळ उत्तर नव्हतं.

त्याच आठवड्यात लेक दोन दिवसांसाठी आली. ती आईच्या वळणावर गेलेली. घरात शिरली की आधी खोल्यांना बोल लावायची, मग बापाला.

"बाबा, या खोलीत उजेड यायला नको का?"

"येतो की. दिवा आहे."

"दिव्याचं नाही म्हणत मी. गावभर सांगत फिरता, वर्षातून दोनदा पडदे धुवा म्हणून. हा कधी धुतलाय?" ती पडद्याजवळ गेली, पण तिनेही हात लावला नाही. जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाली, "आईला उजेड आवडायचा."

 मास्तरांच्या मनात त्या तीन वेळा येऊन गेल्या, एकापाठोपाठ एक, आणि तिसरीपाशी थांबल्या. चार बोटं मागितली होती तिने.

लेक सकाळच्या गाडीने गेली. मास्तर दुकानात गेले नाहीत. स्टूल घेतलं, दांडी उतरवली, आणि पडदा पलंगावर पसरला. धुवायला टाकण्याआधी पडद्याच्या कडांवरून बोटं फिरवायची त्यांची सवय होती. कुठे उसवलंय का, ते डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. डोळे मिटून ते कडेकडेने सरकत होते. एका चुणीत बोट गेलं, आणि आत गेलं. अडकलं नाही, गेलं. पलीकडे निघालं.

त्यांनी डोळे उघडले. उसवलेलं नव्हतं. फाटलेलं नव्हतं. काज होतं.

अंगठ्याच्या नखाएवढं, उभं, चुणीच्या आतल्या बाजूला. कापड आणि अस्तर एकत्र धरून दाट टाके घातलेले, दोन्ही टोकांना आडवे टाके, एकही गाठ वर नाही. बोट काढलं तसं ते मिटलं. पापणीसारखं. मास्तरांनी पडदा हातभर लांब धरला, तर त्यांना ते दिसेना.

टाके राखाडी दोऱ्याचे होते. आणि तो दोरा कुठून आला, तेही त्यांना आता आठवलं. बायकोने एक दिवस कात्री आणि सुई मागितली होती. हात गप्प बसत नाहीत म्हणाली. रुमालाला काठ घालते. "कुठला दोरा आणू?" "तुमच्या उरलेल्यातला काहीही. तो राखाडी आहे ना, तोच आणा." रीळ त्यांनी स्वतः आणून दिलं होतं. रुमाल पुढे कधी दिसला नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. त्या दिवसांत तिला पाण्याचा पेला धरायला दोन्ही हात लागायचे. अशा हातांनी हे काज करायला तीन दिवस लागले असतील, का चार. मास्तर दुकानात असताना करायची आणि संध्याकाळी सुई उशीखाली सारायची.

मास्तर पलंगाच्या काठावर बसून राहिले. त्यांना वाईट वाटलं असं म्हणणं फार थोडं होईल. त्यांना लाज वाटली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खिडकीतून, त्या बाईला रस्ता चोरून बघावा लागला. मी काय चोरी केलीय, असं तिने विचारलं होतं, आणि त्यांनीच तिला चोर केलं होतं.

मग ते उठले, दुकानात जाऊन वही घेऊन आले, त्या महिन्याचं पान काढलं. रुंदी होती. उंची होती. तिसऱ्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात 'लोकांपासून' लिहिलेलं होतं. पण हे उत्तर कुणी दिलं होतं? अडतीस वर्षांत एकाच गिऱ्हाइकाला त्यांनी तो प्रश्न विचारला नव्हता.

दुपार झाली. त्यांनी पडदा पुन्हा टांगला. पलंगावर तीन उशा एकावर एक रचल्या, तिला श्वासासाठी लागायच्या तशा, आणि तिच्या जागी आडवे झाले. पडदा नाकासमोर आला. ते चुणीत बोट घालून चाचपत राहिले, काज सापडलं, त्यांनी डोळा जवळ नेला.

त्यांना वाटलं होतं रस्ता दिसेल. रस्ता दिसलाच नाही. एवढ्याशा भोकातून किती दिसणार? समोर घड्याळवाल्याचं दुकान होतं, त्याचंही फक्त दार, आणि दाराखालची दगडी पायरी. घड्याळवाला पायरीवर बसून चहात काहीतरी बुडवून खात होता. ते त्याच्या मिशीला लागलं होतं. मास्तरांना ते इथून स्वच्छ दिसलं.

त्यांनी डोळा काढला आणि छताकडे बघत पडून राहिले.

त्या पायरीशी त्यांचं काय नातं होतं, हे जगात फक्त त्यांना माहीत होतं. निदान तसं ते समजून चालले होते. घड्याळवाला सहाला दुकान बंद करायचा, मास्तर सातला. चौदा महिने, रोज संध्याकाळी, घरी वर जाण्याआधी मास्तर त्या पायरीवर बसायचे. रस्त्याचा दिवा बरोबर डोक्यावर. दुकानात रडता येत नाही, गिऱ्हाइकं असतात. घरात रडता येत नाही, ती असते. उरली ती पायरी. तिथे बसून ते मनसोक्त रडून घ्यायचे, तोंड समोर, स्वतःच्या खिडकीकडे करून. त्या बाजूने कुणी बघणार नाही याची त्यांना पक्की खात्री होती, कारण पडदा त्यांचा होता आणि परीक्षा त्यांनीच घेतली होती. मग रुमालाने चेहरा पुसायचा. मग बायकोला सांगायची दिवसाची गंमत ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघायची, आवाज फाटत नाही ना ते. हसण्याचीसुद्धा तालीम. मग वर.

दार उघडलं की ती उशांवरून विचारायची, "आज काय गंमत?"

ते सांगायचे. ती हसायची. कधी कधी तर गंमत संपायच्या आधीच हसायची, आणि मास्तरांना वाटायचं, औषधाने हिला जरा हुशारी आलेली दिसते.

मास्तर उठले, जिना उतरले, रस्ता ओलांडून घड्याळवाल्यासमोर उभे राहिले. घड्याळवाला आत जाऊन डोळ्याला भिंग लावून बसला होता.

"मिशी पूस."

घड्याळवाल्याने मिशी पुसली. "तेवढ्यासाठी वरून उतरलास?"

"एक विचारायचंय. तुझी वहिनी आजारी होती तेव्हा तुझ्या खुर्चीची निळी गादी रोज संध्याकाळी बाहेर पायरीवर राहायची. का?"

घड्याळवाल्याने भिंग काढलं. "आज काय काढलंयस हे?"

"सांग तर."

"वहिनींचंच काम ते. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायला आलो होतो बघ, तू दुकानात होतास. म्हणाल्या, भाऊजी, दुकान बंद करताना गादी पायरीवर ठेवून जात जा, दगड गार असतो. म्हटलं, कुणासाठी? तर म्हणाल्या, बसणाऱ्यासाठी." त्याने भिंग टेबलावर ठेवलं. "मला वाटलं, आजारी माणूस, मांजराबिंजराची दया आली असेल. म्हटलं, ठेवू. पुढे त्या गेल्या, मग मी आत घेतली."

"मला वाटायचं तू विसरतोस."

"वर्षभर रोज न चुकता विसरायला मी काय सरकारी कचेरी आहे?" घड्याळवाला म्हणाला. मग त्याने मास्तरांकडे नीट पाहिलं, खुर्चीतून उठला, गादी काढली आणि काही न विचारता बाहेर पायरीवर टाकली. मास्तर तिच्यावर बसले. वर राखाडी पडदा होता. खालून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कलाकार बाई दुकानात आली तेव्हा सोळावा पडदा टेबलावर घडी घालून ठेवलेला होता. मास्तरांनी तिला काज दाखवलं. कुणाचं, कुठलं, एवढंच सांगितलं. पायरीचं सांगितलं नाही. बाई बराच वेळ काजावर बोट ठेवून उभी होती. मग कलाकाराचं डोकं चालू झालं.

"काका, हे आपण बाहेरच्या बाजूला घेऊ. येणाऱ्याजाणाऱ्याने डोळा लावायचा आणि आतली खोली—"

"नाही."

"पण त्यानेच तर प्रश्न उभा राहतो ना, की आपण दुसऱ्याच्या घरात—"

"बाई," मास्तर म्हणाले, "बाहेरून आत बघायला सगळं गाव आहे. त्याला काजाची गरज नाही. हे आतल्या माणसाने बाहेर बघायला केलंय. ते तसंच राहणार असेल तर पडदा न्या. नाहीतर सोळावी जागा रिकामी राहू दे."

बाईने हातातली वही मिटली. मास्तरांना वाटलं, आता ही निघून जाणार, आणि त्यांच्या ध्यानात आलं की तिने जाऊ नये असं आपल्याला मनापासून वाटतंय. पडदा परत घरी न्यायचा नव्हता. तो उघड्यावर जायला हवा होता. चार बोटं कशाला, सगळाच.

"ठीक आहे," बाई म्हणाली. "आतून बाहेर. अजून?"

"उशा तीन. पलंगाची उंची मी सांगेन ती. माझं नाव नको, तिचंही नको. आणि पलीकडे, पडद्यापासून रस्त्याच्या रुंदीवर, बरोबर समोर, एक पायरी पाहिजे. दगडी. वर दिवा."

"पायरी कशाला?"

"कुणाला बसावंसं वाटलं तर."

बाईने वहीत लिहून घेतलं. "कुठे जाणारी पायरी?" तिने विचारलं.

"कुठेच नाही. बसायची."

खोली उभी राहिली त्या दिवशी मास्तर सकाळीच चौकात गेले. सोळा पडदे स्वतः टांगले, एकेक कडी तपासली. मग बाईला आत पाठवलं, सगळे पडदे ओढून घेतले, दिवा लावायला सांगितला आणि ओरडले, "हात हलवा." चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी जाताना, एक येताना. लोक थांबून बघत होते. "काही दिसत नाही," मास्तर म्हणाले. तिथून ते आणखी एक काम करायला गेले, जे त्यांनी आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाच्या घरी केलं नव्हतं. आत जाऊन पलंगावर आडवे झाले आणि काजातून पाहिलं. पायरी दोन बोटं डावीकडे निघत होती. ती त्यांनी सरकवून घेतली.

दिवसभर रांग होती, आणि मास्तर म्हणाले होते तशी त्यात बायका जास्त होत्या. एक बाई आत जाऊन पाचही मिनिटं नुसती झोपून आली. एकाने सगळे पडदे उघडे टाकले आणि आरशात बघून ऐटीत भांग पाडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बहुतेकांनी मात्र आत शिरल्या शिरल्या पडदे ओढून घेतले, आणि बाहेर आले तेव्हा थोडे वेगळे दिसत होते. घड्याळवाला दुपारी जाऊन आला. बाहेर आल्यावर तो नाक शिंकरत राहिला आणि धुळीला शिव्या देत राहिला.

"काय दिसलं?" मास्तरांनी विचारलं.

"तुला काय करायचंय," तो म्हणाला.

मास्तर दुकानात गेले, राहिलेलं काम केलं, सातला कुलूप लावलं आणि पुन्हा चौकात आले. गर्दी ओसरली होती. पायरीवरचा दिवा लागलेला होता आणि खाली, कुणी ठेवली हे विचारायची गरज नव्हती, निळी गादी होती.

मास्तर बसले. समोर राखाडी पडदा पूर्ण ओढलेला. एक बाई बाजाराची पिशवी घेऊन आत गेलेली त्यांनी पाहिली होती. कोण ते माहीत नाही. चाळीसएक वर्षांची, पायात साध्या चपला. आत ती खुर्चीवर बसली असेल, नाहीतर पलंगावर टेकली असेल. उशांवर डोकं ठेवलं असेल, आणि हात लागून काज सापडलं असेल, किंवा नसेल. बाहेरून कळायला काही मार्ग नव्हता. तसं कळू नये अशीच सोय त्यांनी केली होती.

दिवसाची गंमत होतीच. भांग पाडणारा माणूस, टाळ्या. सवयीने ती त्यांच्या ओठांवर आली. पहिले दोन शब्द म्हणून झाले, आणि ते थांबले. ती गंमत ज्या बायकोला सांगायची, तिने ती काजातून, ओठांवरूनच केव्हाच ऐकून घेतली असती. तालीम कशाची करायची?

खिशात रुमाल होता. त्यांनी तो काढला नाही. हात गुडघ्यांवर ठेवले, चष्मा काढून शेजारी गादीवर ठेवला, आणि चेहरा जसा होता तसा पडद्यासमोर धरून बसले. आतल्या बाईची पाच मिनिटं संपायला अजून वेळ होता.